तीन नंबरचा इंजेक्टर घरी बदलायचाय, जमेल का?

वाशिष्ठीकाठ:
गाडी 2011 ची, पेट्रोल, 1.2 लिटर, चार सिलिंडर. पुण्यात असताना सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं आणि आठ वर्षं त्यावरच पळवली. पेट्रोल फक्त सकाळी स्टार्ट करण्यापुरतं. आता चिपळूणला घरी आलोय. सीएनजी टाकीच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासतात ती) तीन वर्षांची मुदत संपली म्हणून महिनाभर पेट्रोलवर चालवतोय, तर गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. उभी असताना अशी थरथरते की डॅशबोर्डवरचा गणपती डोलतो. परवा कुंभार्ली घाटात तर दुसऱ्या गिअरलाही मिसिंग, म्हणजे झटके, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. स्कॅनर लावला, पी0303 आला. गॅरेजवाला म्हणतो चारही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे, सिलिंडरमागे एक) नवे टाका, चौदा हजार. माझ्याकडे सॉकेट सेट आहे, मल्टिमीटर आहे, उत्साह आहे. बायकोच्या मते तिसरी गोष्टच जास्त आहे.

जुना_फिटर_सांगली:
थांबा. पी0303 म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही, एवढंच. प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी), कॉम्प्रेशन, कशानेही येतो. एक सांगा, सीएनजीवर शेवटची चालवली तेव्हा अशीच थरथरत होती का?

वाशिष्ठीकाठ:
नाही हो काका. एकदम गुळगुळीत.

जुना_फिटर_सांगली:
मग पन्नास टक्के निदान झालं. प्लग, कॉइल दोन्ही इंधनांना तेच. त्यातला कोणी मेला असता तर सीएनजीवरही रडली असती. महिन्याभरात तेच बिघडले असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून तीनची कॉइल आधी दोनवर लावून बघा, पाच मिनिटांचं काम. कोड हलला नाही तर दोष पेट्रोलच्या वाटेवर. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून जोडतात, ते जोड ओढून बघा. कोकणात पावसाळ्यात बोनेटखाली उंदरांचा संसार असतो, तेही बघा. मग चारही इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. अशा गाड्यांत बहुधा 12 ते 16 ओहम. चारही सारखे आले तर इंजेक्टरच्या आतली कॉइल धड आहे, नोझल चिकटलाय. वर्षानुवर्षं नुसता बसून राहिलेला पेट्रोल इंजेक्टर चिकटतोच.

काढायचाच असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, आपोआप बंद पडेल. पुन्हा दोनदा सेल्फ मारा. लाइनमध्ये तीनेक बारचं प्रेशर असतं, ते असं उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह. रेल (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) सोडण्याआधी इंजेक्टरच्या बुडाची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती सरळ इंजिनात जाते. रेल चारही इंजेक्टरसकट सरळ वर ओढायची, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची नाही. आठ नवे ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, इंजेक्टरला वर-खाली एकेक) आधी हातात असू द्या, पेट्रोलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराचेच मागा. बसवताना इंजिन ऑइलचा थेंब लावा. आणि देवघरातला दिवा शांत झाल्यावरच काम काढा, गाडी अंगणात घ्या.

नवा घेण्याआधी तीनचा दोनवर टाका. पी0302 आला की चोर सापडला.

डिझेलवाला_कराड:
डिझेलवाल्यांनी हे वाचून पाने काढू नयेत. कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक गळतीची धार कातडी फोडून आत शिरते. शिवाय बऱ्याच गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो.

वाशिष्ठीकाठ:
रिपोर्ट देतो. कॉइल बदलून कोड तीनवरच. वायरी शाबूत. रेझिस्टन्स 14.2, 14.3, 14.3, 14.4, म्हणजे चारही सख्खे भाऊ. रेल काढली, तीनचा दोनवर टाकला, गल्लीत फेरी मारली: पी0302! इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

कराडला एकाकडे इंजेक्टर साफ करायचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे, तिथे चारही नेले. काचेच्या नळ्यांवर लावून दाखवले. तिघांचा फवारा धुक्यासारखा, आमचा पठ्ठ्या नळ गळावा तसा ठिपकत होता. साफ केल्यावर चारही नळ्या जवळपास एका पातळीला आल्या. सोळाशे रुपये. नवा घ्यावाच लागला नाही.

चूक एक केली. घाईत वरचा एक ओ-रिंग तिरका बसला. स्टार्ट न करता नुसती किल्ली फिरवून टॉर्च धरला, तर रेलखाली पेट्रोलचा ओघळ. ताबडतोब बंद. काढून बघितलं, रिंगला नखाएवढी चीर. सुदैवाने दुकानातून दोन जास्तीच्या आणल्या होत्या.

जुना_फिटर_सांगली:
किल्ली फिरवून बघितलंत, इथेच वाचलात. सरळ स्टार्ट केली असती तर ते पेट्रोल गरम एक्झॉस्टवर गेलं असतं. जुने ओ-रिंग फेकले ना?

वाशिष्ठीकाठ:
डब्यात ठेवलेत.

जुना_फिटर_सांगली:
फेका.