मदत हवी आहे : पल्स वेव्ह व्हेलॉसिटी 10.4, युरिक अ‍ॅसिड 7.4. हृदयाच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

धागाकर्ता
पुरुष, वय 54. रक्तदाब 142/84, त्यासाठी रोज हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 मिग्रॅ. मान ते जांघ पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (नाडीची लहर धमन्यांतून धावण्याचा वेग; धमनी जितकी ताठ तितका जास्त) 10.4 मी/से, युरिक अ‍ॅसिड 7.4 मिग्रॅ/डेसिली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 0.9. गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजणं) किंवा मुतखडा कधीच नाही. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे ठळक केले आहेत. धमन्या खरंच ताठ झाल्यात का? आणि अ‍ॅलोप्युरिनॉल घेऊन युरिक अ‍ॅसिड उतरवलं तर धोका कमी होईल का?

स्पंदन
आधी एक सांगा, रिपोर्टवर अंतर आणि वेळ छापलेली आहे का? मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीच्या जागांमधलं सरळ अंतर मोजून त्याला 0.8 ने गुणायचं, मग वेळेने भागायचं, ही 2012 पासूनची सर्वमान्य पद्धत. 10 मी/से ही धोक्याची रेषा त्याच हिशोबाची आहे. गुणायचं राहिलं तर आकडा पाव पटीने फुगतो.

धागाकर्ता
अंतर 650 मिमी, वेळ 62.5 मिलिसेकंद.

स्पंदन
मग तिथेच घोळ आहे. 0.65 ÷ 0.0625 = 10.4, म्हणजे 0.8 लावलेलंच नाही. लावल्यावर 8.3 येतो, रेषेच्या बराच खाली. मशीनमध्ये अंतराची कुठली पद्धत निवडली होती ते तिथल्या तंत्रज्ञाला जरूर विचारा.

पुन्हा मोजाल तेव्हा: आधी 3 तास चहा-कॉफी, तंबाखू, जेवण नाही. शांत खोलीत 10 मिनिटं उताणं पडून राहायचं. बोलायचं नाही आणि झोपायचंही नाही. दोनदा मोजायचं, दोन्हींत 0.5 मी/से पेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा धरायचा. त्या क्षणाचा रक्तदाब शेजारी लिहून घ्या, कारण दाब चढला की भिंत ताणली जाते आणि त्याच धमनीत लहर जोरात धावते. आणि दंड-घोट्याच्या मशीनचा आकडा याच्याशी ताडू नका. त्यात पायांच्या कडक धमन्याही येतात, म्हणून तो मुळातच मोठा असतो.

ताठरपणाची एवढी काळजी का, तर महाधमनीतले इलॅस्टिनचे लवचिक धागे तुटून ताठ कोलॅजन वाढलं की पुढून आपटून हृदयाकडे परतणारी लहर लवकर येते, हृदय अजून आकुंचन पावत असतानाच. वरचा दाब चढतो, खालचा उतरतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मुख्यतः त्या खालच्या दाबावर भरतात. म्हणजे हृदयाचं काम वाढतं आणि रसद घटते.

निदान
युरिक अ‍ॅसिडबद्दल. तुमच्या औषधाकडे आधी बघा. थायझाइडमुळे (तुमचं हायड्रोक्लोरोथायझाइड त्यातलंच) मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड जास्त परत शोषतं; कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिनही तेच करते. त्यामुळे 7.4 मधला काही भाग गोळीचा असू शकतो. पण तेवढ्यासाठी गोळी मनाने बंद करू नका, रक्तदाब मोकाट सुटणं जास्त वाईट. डॉक्टरांना लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाबद्दल विचारा. ते दाबासोबत युरिक अ‍ॅसिडही थोडं उतरवतं, इतर सार्टन औषधांत हा गुण सहसा दिसत नाही.

तपासणी पुन्हा करताना आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम, कडक उपास, दारू टाळा, पाणी नेहमीइतकं प्या. तसला व्यायाम, उपास, दारू किंवा पाणी कमी पडणं, यांतल्या कशानेही आकडा तात्पुरता चढतो.

अ‍ॅलोप्युरिनॉल मात्र हृदयासाठी म्हणून नको. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड आणि हृदयविकार बरोबर दिसतात हे खरं, पण त्या दोन्हींच्या मुळाशी उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मंदावलेलं मूत्रपिंड हीच कारणं असतात. 2022 च्या 'ऑल-हार्ट' चाचणीत हृदयविकार असलेल्या, गाऊट नसलेल्या, 60 वर्षांपुढच्या 5,700 हून अधिक लोकांवर हे औषध तपासलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयमृत्यू यांत फायदा दिसला नाही. उलट क्वचित त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. गाऊट असता तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ता
म्हणजे आत्ता लक्ष कशावर ठेवू?

निदान
रक्तदाबावर. 142 हा उपचार चालू असतानाचा आकडा आहे, मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून, प्रत्येक वेळी दोनदा मोजा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर आली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. लिपिड आणि उपाशीपोटीची साखरही त्याच भेटीत दाखवा.

स्पंदन
आणि पल्स वेव्ह दाब आटोक्यात आल्यावर, त्याच मशीनवर, 0.8 लावून.