ते एक मिनिट बघा, मग म्हणा फरक कळत नाही

फ्रेमवेडा
काल इथे एकांनी सल्ला दिला: दीड तासाचं ४के रेकॉर्डिंग, ६७ जीबी, ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरने (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाने) अर्ध्या तासात साध्या डीव्हीडीवर बसवलं. रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातले पिक्सेल, ४केच ठेवलं, ‘डोळ्याला काही फरक कळत नाही’, मूळ फाइल खुशाल पुसून टाका. खाली लोकांनी आभारही मानले. दोन ओळींच्या उत्तरात हे भागणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी हिशोब. डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. ५४०० सेकंदांनी भागा, सेकंदाला ७ मेगाबिटच्या आतच येतं. आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्राला उरतात साडेसहा. २५ फ्रेमचं रेकॉर्डिंग असेल तर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ३२ केबी. त्या फ्रेममध्ये पिक्सेल ८३ लाख! मूळ फाइलमध्ये हाच वाटा ५०० केबीचा होता.

माणूस खुर्चीत बसून बोलतोय तोवर हे खपून जातं. मागची भिंत हलत नाही, एन्कोडर आधीच्या फ्रेममधलंच उचलून वापरतो. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी रंगमंचावर वरून चकचकीत कागदाचे तुकडे सोडलेत. प्रत्येक तुकडा आपल्या वाटेने गिरक्या घेत खाली येतो, आधीच्या फ्रेममधून उचलायला काही राहतच नाही. त्याच पद्धतीने फाइल केली, तर नेमकं त्या मिनिटात माझ्या मुलीचा चेहरा चौकोनांचा झाला. डोळा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते सांगता येईना. मागच्या निळ्या पडद्यावर रंगाच्या पायऱ्या पडल्या त्या वेगळ्याच.

तेच १०८०वर (१९२० बाय १०८० पिक्सेल) आणलं, सॉफ्टवेअर एन्कोडरने दोन पासमध्ये (आधी सगळी फाइल तपासायची, मग बिट वाटायचे), स्लो प्रीसेटवर, म्हणजे सावकाश पण नीट दाबणाऱ्या सेटिंगवर. पिक्सेल चौथा हिस्सा, बिट तेवढेच. चेहरा राहिला. मशीन रात्रभर चाललं, चालू दे. डिस्कसाठी दाबा हवं तेवढं, पण सगळ्यात अवघड मिनिट आधी तपासा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

बिटबहाद्दर
तो सल्ला माझाच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही बघता कसं ते सांगा. चित्र थांबवून, नाकाला स्क्रीन लावून. घरातली बाकी माणसं दहा फुटांवरून बघतात.

मूळ फाइल जपण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. मी चार वर्षांची सगळी मूळ रेकॉर्डिंग एका हार्ड डिस्कवर जपली होती. एके सकाळी ती टक-टक आवाज करायला लागली आणि बंद पडली. वाचलं काय, तर नातेवाइकांना वाटायला म्हणून दाबून केलेल्या अकरा डीव्हीडी. आज माझ्या आईचा आवाज त्या डिस्कवर आहे, बाकी कुठेही नाही. चौकोन तर चौकोन!

स्थिरचित्र
सीआरएफ (एकसारखा दर्जा राखणारी सेटिंग) २० ठेवा आणि सोडून द्या. एवढा काथ्याकूट कशाला?

फ्रेमवेडा
@स्थिरचित्र, सीआरएफमध्ये दर्जा ठरतो, फाइल केवढी होईल ते आधी कळत नाही. डिस्कला नेमका आकार लागतो. म्हणून दोन पास.

@बिटबहाद्दर, आईच्या रेकॉर्डिंगचं वाचून वाईट वाटलं. पण तुमची गोष्ट ‘दुसरी प्रत ठेवा’ असं सांगते, ‘मूळ पुसा’ असं नाही.

जुनीफीत
तुमचं ४के चालू द्या. माझ्यासारख्यांकडे १०८०आयची, म्हणजे इंटरलेस्ड रेकॉर्डिंग (एका फ्रेममध्ये वेगवेगळ्या क्षणांची दोन फील्ड, एकाआड एक ओळींत) ढिगाने पडून आहेत, त्यांचं कुणी बोलतच नाही. प्रत्येक जण सांगतो ‘७२०वर आणा, छान दाबलं जातं’. मीही आणलं. डीइंटरलेस न करता, म्हणजे त्या ओळी सोडवून पूर्ण फ्रेम न बनवता आणलं. पळणाऱ्या मुलाच्या हाताला कंगव्याचे दात होते, ते लहान-मोठं करताना एकमेकांत विरघळले. आता प्रत्येक फ्रेममध्ये त्याला दोन-दोन धूसर हात आहेत आणि ते कुठल्याच फिल्टरने जात नाहीत. आधी डीइंटरलेस करा, मग बाकी सगळं. हे मोठ्या अक्षरांत लिहून लावायला हवं.

रात्रपाळी
अर्धवट सल्ला. डीइंटरलेस कसं? बहुतेक जण ५०आयचं (सेकंदाला ५० फील्ड) २५पी (सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम) करतात आणि निम्मी हालचाल तिथेच फेकून देतात. मग ‘पॅनिंग (कॅमेरा आडवा फिरवणं) झटके खातं’ म्हणून रडत येतात. ब्लू-रे करायची असेल तर आहे तसं इंटरलेस्ड ठेवा, काम टीव्ही करेल.

जुनीफीत
टीव्ही करेल? माझा टीव्ही जे करतो ते बघवत नाही. तिरक्या रेषा उकळल्यासारख्या हलतात. प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून ५०पी करा, हालचाल शाबूत राहते. गेली तीन वर्षं मी हेच करतोय.

रात्रपाळी
आणि ते १०८०चं ५०पी ब्लू-रेवर कसं घालता? साध्या ब्लू-रेच्या नियमांत १०८०आयचं ५० बसतं, ७२०पीचं ५० बसतं. १०८०पीचं ५० बसत नाही. तुम्ही डेटा डिस्क (नुसती फाइल टाकलेली) करत असणार आणि संगणकावर बघत असणार. मग लोकांना सांगताना तसं सांगा ना! माझ्या एका मित्राने अशाच सल्ल्यावर नऊ डिस्क राइट केल्या, प्लेअरने एकही घेतली नाही.

जुनीफीत
आवाज चढवू नका. हो, डेटा डिस्कच करतो. ते लिहायचं राहिलं, मान्य. पण ‘टीव्ही करेल’ हेही सगळ्यांना लागू नाही, एवढं तुम्ही मान्य करा.

रात्रपाळी
जुन्या टीव्हीपुरतं मान्य. प्लेअरला लावायची असेल आणि डोळ्यांना त्रास होत असेल तर ७२०पी ५० करा. बारकावा थोडा जाईल, हालचाल राहील. पण लहान करण्याआधी डीइंटरलेस, यात तुमचंच बरोबर.

फ्रेमवेडा
@जुनीफीत, त्या धावणाऱ्या मुलाची मूळ फाइल आहे का? असेल तर अजून सगळं नीट करता येईल.

जुनीफीत
नाही. जागा हवी होती, त्याच संध्याकाळी पुसली. संगणकाच्या छोट्या चौकटीत बघितलं होतं, ठीक वाटलं. दोन हात मोठ्या पडद्यावर दिसले, महिन्याभराने.

बिटबहाद्दर
काल रात्री बसलो. माझ्याकडे एका समारंभातलं फवाऱ्यांचं दृश्य आहे, फक्त तेवढं मिनिट कापून दोन्ही प्रकारे केलं. ४केचं दहा फुटांवरूनही खराब दिसतं. पाणी वितळलेल्या मेणासारखं. १०८०चं चांगलं आहे. बोललो होतो, आता नाकारत नाही.

पण १०८०वर आणल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या आणि स्लो प्रीसेटच्या फाइलमध्ये मला तरी एवढा फरक दिसला नाही, की त्यासाठी रात्रभर पंख्याची घरघर ऐकावी. ते मी बदलणार नाही. माझ्या सल्ल्यातली ‘मूळ पुसून टाका’ ही ओळ मात्र काढलीय.

फ्रेमवेडा
ओळ काढलीत, खरंच आभार. कार्डाच्या एन्कोडरबद्दल अजून असहमत. फवारे उजेडात होते ना? आता अंधारातलं, धुरातलं एखादं मिनिट घेऊन बघा. आणि या वेळी दोन्ही फाइलचा आकार सारखा ठेवा.