तिसऱ्या प्रकरणात अडकलेय, 'युलिसिस' पुरी कशी करू?

नमस्कार. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची 'युलिसिस' ही कादंबरी हातात घ्यायची ही तिसरी खेप. तिन्ही वेळा गाडी एकाच जागी अडली: तिसरं प्रकरण, स्टीफन नावाचा तरुण समुद्रकाठच्या वाळूवर एकटाच चाललाय. पहिली दोन निभावतात. बुरुजातली सकाळ, मग शाळेतला वर्ग. तिसऱ्यात काही घडतच नाही. मध्येच लॅटिन, मध्येच फ्रेंच, आणि टीपा बघून परत येईपर्यंत वाक्य हातून सुटलेलं असतं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. शाळेत इंग्रजी शिकवायचे, मागच्या वर्षी निवृत्त झाले. कॉलेजात असल्यापासून ही वाचायची मनात आहे. आता दुपारी दोन ते चार वेळ माझा आहे. घरी बेल वाजत राहिली तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचीही तयारी आहे. सारांश नको, तो मिळतो. ज्यांनी शेवटपर्यंत नेली त्यांनी सांगावं, कुठून धरू?

गंगावेशकर
ताई, तिसरं तसंच ठेवा आणि थेट चौथं काढा. काही बिघडत नाही, कारण चौथ्यात घड्याळ परत सकाळी आठवर येतं. सगळी गोष्ट १६ जून १९०४ची. पहिली तीन प्रकरणं स्टीफनची सकाळ, चौथ्यापासून लिओपोल्ड ब्लूमची तीच सकाळ. तिथूनही आत शिरता येतं.

आणि ब्लूम आपल्या ओळखीचा निघतो बघा. जनावराच्या आतल्या अवयवांचं खाणं त्याच्या आवडीचं, हे पहिल्याच वाक्यात येतं. रविवारी सकाळी वजडी-गुर्दा मिळावा म्हणून मटणाच्या दुकानात लवकर जाऊन उभं राहणाऱ्या गावाला अजून काय सांगायचं? तो कोपऱ्यावरून डुकराचा गुर्दा आणतो, लोण्यात टाकतो, बायकोला चहा द्यायला माडीवर जातो आणि बोलण्यात गुर्दा करपतो. करपलेलं कापून मांजरीला टाकतो, उरलेलं मजेत खातो. त्या मांजरीचं ओरडणं जॉइसनं तीनदा लिहिलंय, दर वेळी एक अक्षर वाढवून. पुस्तक अवघड खरं, पण लिहिणाऱ्याचे कान किती उघडे होते ते तिथं कळतं.

जुनी वाचक
मी तिसरं सोडू नका म्हणेन. फक्त मोठ्यानं वाचा. त्या प्रकरणात स्टीफन स्वतःच डोळे मिटून चालतो आणि बुटाखाली शिंपले कसे फुटतात ते ऐकतो. तुम्हीही आधी ऐका, अर्थ मागाहून येतो. टीपांचं पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा.

आयर्लंडच्या रेडिओनं १९८२ साली, जॉइसच्या जन्मशताब्दीला, अख्खी कादंबरी एक शब्द न गाळता सादर केली होती. जवळपास तीस तासांचं ध्वनिमुद्रण आहे, इंटरनेटवर सापडतं. कानाला लावून पानावर बोट ठेवत गेले, तेव्हा कोण बोलतंय हा घोळ माझा पहिल्यांदा सुटला.

उत्तरेश्वर पेठ
मला ही कादंबरी सहाव्या प्रकरणात भेटली. चार माणसं घोडागाडीतून एका ओळखीच्याच्या अंत्ययात्रेला निघालीत. वडील गेले तेव्हा पंचगंगेवर स्मशानात मी पायरीवर बसलो होतो. शेजारी कुणी उसाच्या बिलाचं बोलत होतं, कुणी पोराच्या नोकरीचं. त्या वेळी मला राग आला होता. हे प्रकरण वाचल्यावर तो राग गेला. माणसं तिथं तसंच बोलतात, दुसरं काय बोलणार?

त्या गाडीत एक जण सहज म्हणून जातो की आत्महत्येसारखा घराण्याला दुसरा कलंक नाही. ब्लूमच्या वडिलांनी तेच केलेलं असतं. दुसऱ्याला हे ठाऊक असतं, तो हलकेच बाजू सावरून घेतो. ब्लूम गप्प. ते पान मी कितीदा वाचलंय मोजलं नाही.

त्याच गाडीत स्टीफनचे वडील मुलाविषयी तावातावानं बोलतात आणि ब्लूमला आपला रुडी आठवतो, अकरा दिवसांचा होऊन गेलेला. ताई, एवढं एक सूत धरा. मुलगा गेलेला बाप ब्लूम आणि आई गेलेला तरुण स्टीफन एकाच गावात दिवसभर फिरतायत. मध्ये कितीही कळेनासं झालं तरी हे सूत तुटत नाही.

गंगावेशकर
सहमत. एक सावध करतो: चौदावं, प्रसूतिगृहातलं, तिसऱ्याहून कठीण आहे. त्यात इंग्रजी गद्याच्या जुन्या शैलींपासून नव्यापर्यंतच्या नकला एकामागून एक येतात. तिथं थांबू नका, पुढं सरका. पंधरावं नाटकासारखं, सतरावं प्रश्नोत्तरांचं, शेवटचं ब्लूमच्या बायकोचं, मॉलीचं, जवळजवळ विरामचिन्हांशिवाय. ते शेवटचं मात्र एका बैठकीत वाचायला दुपार राखून ठेवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौथं पुरं केलं. मांजरीचं ओरडणं मोठ्यानं म्हणून बघितलं, तर आमची मनी खरंच उठून बसली. आज पाचवं. सहाव्याला रेडिओ लावून बसेन म्हणते.

उत्तरेश्वर पेठ, ते पान आलं की इथं लिहिते.