‘गॉश’, ‘ब्लायमी’, ‘स्ट्रूथ’ : तुम्ही ऐकलेले इंग्रजी आश्चर्योद्गार

इंग्रजीतल्या कित्येक आश्चर्योद्गारांच्या पोटात देव दडलेला आहे. देवाचं नाव उगाच घेऊ नये ही बायबलची आज्ञा, पण तोंडची सवयही सुटत नाही. म्हणून ‘गॉड’चं ‘गॉश’ झालं, ‘गॉली’ झालं, आणि ‘जीझस’चं ‘जी’. तुम्ही असे शब्द कुठे ऐकलेत? सविस्तर लिहा.

लीड्सहून
मी परिचारिका आहे. आमच्या वॉर्डातल्या एक आजी सुई टोचली तरी ‘गॉश’च्या पुढे जात नसत. एकदा माझ्या तोंडून ‘ओ माय गॉड’ निघालं. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “बाळा, काम असेल तेव्हाच त्याला हाक मार.”

लंडनहून
आमचा प्लंबर सिंकखाली डोकावला की ‘ब्लायमी!’ मूळ ‘गॉड ब्लाइंड मी’, म्हणजे खोटं बोलत असेन तर देव माझे डोळे नेवो. आपलं ‘आईशप्पथ’ही असंच शपथेतून उद्गारात आलं.

पुण्याहून
मी इंग्रजी साहित्य शिकवते. ‘झाउंड्स’ हा माझा सगळ्यात लाडका शब्द. ‘गॉड्ज वूंड्स’, क्रुसावरच्या येशूच्या जखमा! १६०६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला : रंगमंचावर देवाचं नाव थट्टेने किंवा उगाच घेतलं, तर १० पौंड दंड. त्या काळी ही रक्कम जबरच. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाची १६२२ ची छापील प्रत उघडा. पहिल्याच प्रवेशात खलनायक इयागो नायिका डेस्डेमोनाच्या बापाला ओरडून सांगतो, ‘झाउंड्स, साहेब, तुम्हाला लुटलंय!’ १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, तीच ओळ आहे, पण ‘झाउंड्स’ गायब. वर्गात दोन्ही पानं शेजारी ठेवली की मुलं हटकून पुढे सरकून बसतात. एवढ्या एका शब्दावर कायद्याची कात्री चाललेली डोळ्यांना दिसते!

सिडनीहून
इथली जुनी मंडळी अजून ‘स्ट्रूथ!’ म्हणतात. ‘गॉड्ज ट्रूथ’ आखडून झालेला. ‘क्रायकी’ त्याचाच भाऊ, तो ‘क्राइस्ट’वरून.

नाशिकहून
‘ओएमजी’ हे ‘ओ माय गॉड’चं लघुरूप मोबाईलवाल्या पिढीचं, असं लेक म्हणायची. तिला १९१७ चं पत्र दाखवलं. ब्रिटिश अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी चर्चिलना लिहिलेलं, त्यात ‘ओ. एम. जी.’ आहे आणि पुढे कंसात अर्थही.

मडगावहून
आमच्या ख्रिस्ती शेजारीणबाई काही अघटित ऐकलं की म्हणतात, ‘सायबा भोगोस!’ देवा, क्षमा कर. आज्ञा तीच, पण इथे देवाला लपवलेलं नाही. त्याला सरळ हाक मारायची आणि त्याच श्वासात माफीही मागायची. मला हे फार आवडतं. वसईकरांनो, तुमच्याकडे काय म्हणतात?