‘लेजेंड्स’ संग्रहातील अर्सुला ले ग्विन यांची ओळख दहा मिनिटांत कशी करून द्यावी?

प्रश्न

नमस्कार. अद्भुतकथा लिहिणारे आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात जमतो. सध्या रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेला १९९८ सालचा ‘लेजेंड्स’ हा संग्रह वाचत आहोत. त्यात स्वतः सिल्व्हरबर्ग धरून अकरा लेखकांनी आपापल्या आधीच नावारूपाला आलेल्या काल्पनिक जगात घडणारी एकेक नवी दीर्घकथा लिहिली आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने एका लेखकाची ओळख करून द्यायची असे ठरले असून माझ्या वाट्याला अर्सुला ले ग्विन आणि त्यांची ‘ड्रॅगनफ्लाय’ ही कथा आली आहे.

मी जो मजकूर लिहिला, तो असा सुरू होतो: “जन्म २१ ऑक्टोबर १९२९, बर्कली, कॅलिफोर्निया, मृत्यू २२ जानेवारी २०१८, पोर्टलंड, १९६८ साली अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहाची निर्मिती, १९७३ साली अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०१४ साली नॅशनल बुक फाउंडेशनकडून सन्मान.” स्वतःच मोठ्याने वाचून पाहिले, तेव्हा तो एखाद्या शोकसभेतील परिचय वाटला. चरित्र किती सांगावे, कथेचा शेवट न फोडता कथेबद्दल काय बोलता येईल आणि शीर्षकाचे मराठी करावे की नाही, या तीन बाबतींत जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद: जुना वाचक

आधी एक दुरुस्ती. अर्थसीची निर्मिती १९६८ सालची नाही. त्या वर्षी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी आली, परंतु ती बेटे आणि तेथील जादूचे नियम त्यापूर्वी १९६४ साली ‘फँटॅस्टिक’ मासिकात छापलेल्या दोन लघुकथांत दिसतात. त्यांपैकी ‘द रूल ऑफ नेम्स’ ही छोटी आणि खट्याळ कथा आहे; गटातील ज्यांनी ले ग्विन मुळीच वाचलेल्या नाहीत, त्यांना आदल्या आठवड्यात तीच वाचायला द्यावी.

आता ओळखीविषयी. जन्म-मृत्यूच्या तारखा आणि पुरस्कार वगळले तरी चालेल, कारण ते कुठेही मिळतात. ही लेखिका या संग्रहात नेमके काय घेऊन आली, हे मात्र तुम्हीच सांगायला हवे. संग्रहातील अनेकांनी आपल्या मुख्य कथानकाच्या मागे जाऊन पूर्वकथा लिहिल्या आहेत. जॉर्ज मार्टिन यांची ‘द हेज नाइट’ त्यांच्या कादंबऱ्यांच्या सुमारे नव्वद वर्षे आधी घडते. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘न्यू स्प्रिंग’देखील पूर्वकथाच आहे. त्यात वावगे काही नाही. आपल्या वाड्यातील एखादी बंद खोली उघडून दाखवावी, तसा तो प्रकार आहे आणि ‘द हेज नाइट’ तर मला त्या महाकादंबऱ्यांपेक्षाही अधिक आवडते.

ले ग्विन यांची गोष्ट वेगळी आहे. १९६८, १९७१ आणि १९७२ अशा तीन कादंबऱ्यांनंतर त्या अठरा वर्षे थांबल्या, १९९० साली त्यांनी ‘तेहानू’ लिहिली आणि तिच्या मुखपृष्ठावर ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे उपशीर्षकही दिले. दार असे स्वतःच्या हाताने लावून घेतल्यावर आठ वर्षांनी त्यांनी ते पुन्हा उघडले, ते याच संग्रहात. पुढे २००१ साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या कथासंग्रहात ही कथा पुन्हा छापताना त्यांनी प्रस्तावनेत तिला ‘तेहानू’ आणि ‘द अदर विंड’ ही नंतरची कादंबरी यांच्यामधला पूल म्हटले आहे. एका संकलनासाठी लिहिलेल्या कथेतून मालिका पुढे सरकली, हे आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांना सांगण्याजोगे आहे; तुमची ओळख याच मुद्द्यावर उभी करावी.

प्रतिसाद: अनुवादाच्या नादी लागलेली

शीर्षकाचे मराठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रॅगनफ्लाय म्हणजे आपला चतुर; पावसाळ्याच्या शेवटी माळावर थव्याने उडणारा. शब्द गोड आहे, परंतु त्यातून इंग्रजी नावात दडलेला ड्रॅगन नाहीसा होतो आणि त्या जागी नसती हुशारी येऊन बसते. लेखिकेने नायिकेला हे टोपणनाव सहज म्हणून दिलेले नाही. त्याहून अधिक बोललात तर शेवट फुटेल, म्हणून ‘या शीर्षकात दोन प्राणी आहेत’ एवढेच सांगून थांबावे.

अर्थसीत माणसाला रोजच्या वापराचे एक नाव असते आणि दुसरे खरे नाव असते. ते खरे नाव वयात येताना पाण्यात उभे करून दिले जाते आणि फक्त अत्यंत विश्वासातल्या व्यक्तीलाच सांगितले जाते, कारण ज्याला नाव ठाऊक त्याची त्या माणसावर सत्ता चालते. मराठी श्रोत्यांना यासाठी फार प्रस्तावना लागणार नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचे नवे नाव अंगठीने लिहिले जाते, आणि नवऱ्याचे नाव घ्यायचे तर ते उखाण्यातच घ्यायचे. हे सारे आपल्या घरांतले आहे. या कथेतील मुलीला गावची चेटकीण ‘इरियन’ हे नाव देते, ते तिच्या घराण्याच्या ‘इरिया’ या जमिनीच्याच नावासारखे असते, आणि ती मुलगी चिडते. हे माझे पूर्ण नाव नव्हे, असे तिला आतून वाटत राहते. माझ्या मते सारी कथा त्या चिडण्यातून निघते. तो प्रसंग सांगा आणि पुढचे प्रश्न श्रोत्यांना विचारू द्या.

प्रतिसाद: मानववंशशास्त्राचा विद्यार्थी

‘जुना वाचक’ यांचा मुख्य मुद्दा मान्य आहे, पण चरित्रातील एक गोष्ट वगळणे मला पटत नाही. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतील शेवटचा मानला जाणारा एक माणूस एकटाच जंगलातून बाहेर आला. स्वतःचे नाव स्वतः उच्चारू नये, असा त्याच्या लोकांचा रिवाज होता आणि ते सांगायला त्याचे दुसरे कोणी उरले नव्हते. क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले, ज्याचा त्याच्या भाषेतील अर्थ केवळ ‘माणूस’ असा होतो. १९१६ साली तो वारला आणि त्याचे खरे नाव कोणालाही कळले नाही. पुढे १९६१ साली अर्सुला यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी त्याचे चरित्र लिहिले.

मात्र येथे सावधगिरी हवी. अर्सुला यांचा जन्म इशीच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी झाला, त्यामुळे त्याच्या सहवासात त्या वाढल्या असे चुकूनही म्हणू नये. आणि अर्थसीतील खरी नावे थेट या प्रसंगातून आली असा निष्कर्षही काढू नये. चरित्र आणि कथा शेजारी ठेवून गप्प राहावे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. तारखा काढून टाकल्या आणि सुरुवात पुन्हा लिहिली:

“१९९० साली या लेखिकेने आपल्या जगाचे शेवटचे पुस्तक लिहिले आणि तसे मुखपृष्ठावर छापले. आठ वर्षांनी तिने एका संग्रहासाठी कथा दिली, तेव्हा रोक बेटावरील जादूगारांच्या विद्यापीठाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. त्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. द्वारपालाने तिला नाव विचारले.”

यानंतर नाव देण्याचा प्रसंग, मग इशी, आणि शेवटी शीर्षकातील दोन प्राणी असा क्रम ठेवला आहे. ती पुरुषाच्या वेषात येते आणि रोकहून परत पाठवलेला एक तरुण तिला तेथवर आणतो, हे सांगावे की राखून ठेवावे?

प्रतिसाद: जुना वाचक

वेषांतर सांगावे, त्या तरुणाचा हेतू राखून ठेवावा. आणि ‘स्त्रियांना प्रवेश नव्हता’ हे वाक्य ‘त्या काळी प्रवेश नव्हता’ असे करावे. त्या विद्यापीठाच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता, असे ले ग्विन यांनी पुढे ‘द फाइंडर’ या कथेत दाखवले आहे, आणि तुमच्या गटातील कोणीतरी ती वाचलेली असणारच.