व्हिज्युअल स्टुडिओतली फाइल थेट नोटपॅड प्लस प्लसमध्ये

निपाणीच्या एका मित्रानं विचारलंय, की व्हिज्युअल स्टुडिओत (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) दुकानांच्या बिलिंग प्रोग्रॅमवर काम करताना त्यातली कन्नड-मराठी मजकुराची फाइल नोटपॅड प्लस प्लस या साध्या मजकूर-एडिटरात उघडायला दरवेळी फोल्डरात जाऊन शोधावी लागते, सोपा मार्ग आहे का. ‘ओपन विथ’नं (फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची सोय) उघडा, असा सल्ला त्याला मिळालाय, तो बरोबरच. पण त्यात फाइल वरच्या ओळीपासून उघडते, आणि हजारभर ओळींच्या फाइलीत आपली ओळ परत कोण शोधणार?

त्यापेक्षा व्हिज्युअल स्टुडिओच्या टूल्स मेनूत एक्स्टर्नल टूल्स घ्या. कमांडमध्ये नोटपॅड प्लस प्लसचा पत्ता द्या. आर्ग्युमेंट्समध्ये आधी वजाचं चिन्ह, छोटा इंग्रजी एन आणि त्याला चिकटून करंट लाइन (म्हणजे तुम्ही असलेल्या ओळीचा नंबर). मग जागा सोडून आयटम पाथ (म्हणजे फाइलीचा पूर्ण पत्ता). ही नावं टाइप करायची नाहीत, शेजारच्या बाणावर मिळतात बघा. आयटम पाथ मात्र दुहेरी अवतरणात ठेवा. फोल्डरच्या नावात जागा असली (आपल्याकडं ‘बेळगाव शाखा नवीन’ असली नावं हमखास), तर पत्ता मध्येच तुटतो.

उघडण्याआधी सेव्ह करायचंच. बाहेरचा एडिटर डिस्कवरचं वाचतो, तुमच्या स्क्रीनवरचं नाही.

एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) नोटपॅड प्लस प्लसमध्ये खाली उजवीकडं दिसतं. तिथं यूटीएफ-८ ऐवजी ‘एएनएसआय’ असेल आणि तसंच सेव्ह केलं, तर कन्नड नि मराठी दोन्हीची प्रश्नचिन्हं होतात. भाषावाद तिथं चालत नाही! अक्षरं नीट दिसायला निर्मला यूआय फॉन्ट लावा, त्यात दोन्ही लिप्या आहेत. फक्त कोडचे रकाने थोडे हलतील.