सांगलीच्या मुलांना बर्फावरचे खेळ: सुरुवात कशी करावी?

कृष्णाकाठ (सांगली):
माझा मुलगा सहावीत आणि मुलगी तिसरीत आहे. गेल्या वर्षी मनालीजवळच्या सोलंगला भाड्याचे डगले व गमबूट चढवून, टायरवरून दोनदा घसरून, आम्ही तासाभरात परतलो. उतरताना मुलीने विचारले, "ती स्कीवाली माणसे खाली येऊन थांबतात कशी?" मला सांगता आले नाही. सोसायटीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून मुलांना स्कीइंग रीतसर शिकवावे असे मनात आहे, परंतु गारांपलीकडे ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही अशा आमच्या ज्येष्ठांचे म्हणणे, "हातपाय मोडून घ्यायला इतक्या लांब कशाला?" अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा):
आपल्या मुलीने पहिलाच धडा विचारला आहे. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणणे, मागची लांब फाकवणे आणि आतल्या कडांवर भार देणे, एवढ्याने वेग कमी होतो. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन चार दिवस गुलमर्गला होतो. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने आम्हाला घसरूच दिले नाही. नुसते आडवे चालणे, मुद्दाम पडणे आणि उठणे. पडल्यावर स्की उताराला आडव्या करून, चढाच्या बाजूच्या हातावर जोर देऊन उठायचे असते. हे मला सांगूनही जमेना, तेव्हा धाकटा वरून ओरडला, "बाबा, आधी पाय आडवे करा!" आई-वडिलांनी काठावर फोटो काढत न बसता सोबत शिकावे, हा माझा आग्रह आहे. मोठी माणसे पडताना दिसली की मुलांचा संकोच आपोआप जातो.

कराडचे मास्तर:
भीतीपेक्षा शाळेचे वेळापत्रक हीच खरी अडचण आहे. आपल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिकडे पुरेसा बर्फ साठलेला नसतो आणि उन्हाळी सुट्टी लागते तोवर शिकाऊंच्या उतारांवरचा वितळू लागतो. नाताळातही खात्री नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडे होते, आणि 2025 मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीवरून मार्चवर गेल्या. सबब फेब्रुवारीतील आठवडा धरावा, शाळेला आधीच अर्ज द्यावा आणि रद्द करता येतील अशाच खोल्या घ्याव्यात. सहावीपर्यंत हे निभते. दहावीच्या पालकांपुढे मी हा विषय काढणार नाही.

मिरजकर:
तयारी सांगलीतच सुरू करता येते. ल्यूज म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवरून घसरगाडीवर उताणे पडून घसरण्याचा खेळ. त्यातले आपले शिव केशवन हे सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळले, आणि बर्फाचा ट्रॅक नसल्यामुळे हिमालयातील डांबरी रस्त्यांवर चाके लावलेल्या घसरगाडीने त्यांनी सराव केला. आपल्या मुलांना एका रेषेत चाके असलेले स्केट्स द्यावेत, हेल्मेट व गुडघ्यांच्या पट्ट्यांसह. तोल आणि गुडघे वाकवून उभे राहण्याची सवय त्यातून येते. जीन्स मात्र अजिबात नको, कारण ती भिजली की वाळत नाही आणि मूल तासाभरात रडकुंडीला येते. हातमोजे प्रत्येकी दोन जोड घ्यावेत. उन्हाचा चष्मा ढगाळ दिवशीही आवश्यक आहे. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, म्हणून पहिला दिवस नुसता फिरण्यात घालवावा.
सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम गुलमर्गला आणि मनालीलाही असतात, परंतु वयाची अट आधी विचारावी. दिल्लीपर्यंत गोवा एक्स्प्रेस आपल्या दारातूनच जाते. आजी-आजोबांनाही न्यावे, गुलमर्गच्या गोंडोल्याचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याचा, पहिला टप्पा त्यांना बसून पाहता येईल. मात्र हृदयविकार किंवा दमा असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कृष्णाकाठ (सांगली):
सर्वांचे आभार. तीन कुटुंबे फेब्रुवारीसाठी तयार झाली, चौथ्यांचे शाळेच्या परवानगीवर अडले आहे. थांबण्याची रीत मुलीला वाचून दाखवली, तेव्हापासून ती सतरंजीवर पायांचे अंगठे जुळवून आणि टाचा फाकवून उभी आहे. आजी शेजारी बसून, ती पडते का ते पाहत आहे.